दुर्मिळ स्पोर्ट बाईक: चालवायची की झाकून ठेवायची?

पाषाणकर

मंडळी, प्रश्न जुनाच आहे, पण आता तो माझ्याच पार्किंगमध्ये येऊन उभा राहिलाय.

मामांची राजदूत ३५० माझ्याकडे आली आहे. १९८४ ची, एचटी. मीटरवर रनिंग खूपच कमी. रंग कंपनीचा, दोन्ही सायलेन्सर मूळचे, टाकीवर डाव्या बाजूला नखाएवढा एक पोचा. सीटखाली टूलकिट अजून त्याच रेक्झिनच्या पाकिटात आहे. मामा शेवटची बरीच वर्षं ती फक्त पुसायचे, चालवायचे नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही मुळात यामाहाची आरडी३५०. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने ती परवान्यावर भारतात बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. सुरुवातीची एचटी, म्हणजे हाय टॉर्क, साडेतीस हॉर्सपॉवरची. नंतर मायलेजसाठी ट्यूनिंग उतरवून एलटी, म्हणजे लो टॉर्क, काढली, ती २७ ची. त्या काळी आपल्या रस्त्यांवर तिच्या जवळपास जाणारं काही नव्हतं.

एका संग्राहकाने विचारणा केली. त्याने सांगितलेला आकडा ऐकून बायको म्हणाली, "हेल्मेट नको, लॉकर घे." विकायची नाही हे पक्कं आहे. पण चालवू का? माझा कल जपण्याकडे आहे. अशा धड एचटी आता किती उरल्यात? मी फिरवलेल्या प्रत्येक किलोमीटरला त्यातलं काहीतरी झिजणार, आणि ते परत बनणार नाही. तुमचं मत सांगा.

नानापेठकर

चालव. पुढचा प्रश्न?

शून्य_किमी

पाषाणकर, नानापेठकरांचं ऐकू नका. त्यांना पार्ट विकायचेत. :)

गंभीरपणे सांगतो. रंग, स्टिकर, क्रोम, बोल्टवरचं प्लेटिंग या गोष्टी एकदाच मूळच्या असतात. पॉलिश करून, रंगवून चकाचक केलेल्या आरडी पुण्यात हव्या तितक्या दाखवतो. त्यातल्या निम्म्यांचे स्टिकर चुकीच्या जागी आहेत, कारण बरोबर जागा कुठली हे सांगणारी न छेडलेली गाडीच कुणासमोर नव्हती. तुमची गाडी हा तो पुरावा आहे. उद्या कुणी एचटी नव्याने बांधायला घेतली तर तो तुमच्याकडे येऊन वायरिंग कुठून गेलंय, कुठल्या नटावर कुठला शिक्का आहे हे बघेल. रविवारी खंबाटकीत घसरली आणि सायलेन्सर खरवडला तर ते सगळं गेलं. चालवायची हौस असेल तर दुसरी एलटी घ्या आणि मनसोक्त पळवा.

उद्यमनगरी

राम राम. आमचा कोल्हापुरात लेथचा धंदा आहे आणि आरडीचे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा, आमच्याकडं येत असतात, म्हणून बोलतो.

शून्य_किमी भाऊ, रंगाचं तुमचं बरोबर आहे. पण उभी गाडी झिजत नाही हे कुणी सांगितलं? टू-स्ट्रोकला उभं राहण्याइतकं दुसरं काही घातक नाही. चालत्या गाडीत क्रँकच्या बेअरिंगला, सिलिंडरच्या भिंतीला सतत तेल मिळतं. उभ्या गाडीत ते तेल हळूहळू खाली निथळतं आणि हवेतला ओलावा लोखंडाला खायला लागतो. आमच्याकडं जे क्रँक येतात त्यात पळवून झिजलेले असतातच, पण ठेवून गंजलेलेही काही कमी नसतात. बेअरिंगच्या गोट्यांना बारीक खड्डे पडलेले असतात. गाडी बाहेरून बघाल तर शोरूममधून आणल्यागत.

दुसरं, क्रँकच्या टोकांचे ऑईल सील. रबरच ते. तेल लागत राहिलं तर मऊ राहतं, वाळलं की कडक होतं. पॉइंटच्या (ठिणगीची वेळ साधणारा स्विच) बाजूचं, म्हणजे डावं, सील गेलं की तिथनं हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा दिसायला लागतो. सोडलेली रेस खाली यायला वेळ लागते, आयडलिंग आपोआप चढतं. पोरं म्हणतात, वा, काय पिकअप आलाय! आणि पुढच्याच चढाला पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचं, म्हणजे उजवं, सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं.

पाषाणकर, मामांनी गाडी पुसली हे चांगलंच केलं. पण आत्ता जपायचं म्हणून झाकून ठेवली तर आतनं संपत जाईल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

पाषाणकर

@उद्यमनगरी, धन्यवाद. गाडी आल्यावर एकदा किक मारून पाहिली, दोन मिनिटं चालली, मग बंद केली. दर रविवारी तेवढं केलं तर पुरेल का?

उद्यमनगरी

अजिबात नको! दोन मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. जळणातनं पाणी तयार होतं. सायलेन्सर आणि क्रँककेस तापले नाहीत तर ते पाणी आतच बसतं. ज्या मूळच्या सायलेन्सरची सगळ्यांना काळजी आहे ना, ते असेच आतनं कुजतात. चालू करायची तर पंधरा-वीस किलोमीटर पळवून पुरती तापवायची. ते जमणार नसेल तर चालूच करू नका.

आणि एवढ्या वर्षांनी चालू करताय तर आधी ऑटोल्यूबची, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या पंपाची, नळी बघा. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंप फिरतो, पण तेल पोचत नाही. पंपाचा ब्लीडचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू द्यायचं. तोवर टाकीतल्या पेट्रोलमध्येच थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) मिसळून ठेवा. हे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, हात जोडून सांगतो.

घाटवाट

उद्यमनगरी, नाद खुळा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

क्लीनबोल्ड

धोनीच्या रांचीच्या गॅरेजात पण आरडी आहे. पाषाणकर, तुम्हाला जागा कमी पडत असेल तर त्याला विचारून बघा, एक अजून मावेल.

सोलिहलकर

मी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो, इथलं सांगतो.

'संग्रहालयात ठेवली म्हणजे सुरक्षित' ही समजूत आमच्या भागात तरी कुणाची उरलेली नाही. इथलं नॅशनल मोटरसायकल म्युझियम १६ सप्टेंबर २००३ ला पेटलं. साधारण ३८० मोटरसायकली जळाल्या. त्यात अशा होत्या की तसं दुसरं यंत्र जगात कुठे नाही. इमारत पुन्हा उभी केली, बऱ्याच गाड्या पुन्हा बांधल्या, २००४ च्या डिसेंबरात दारं उघडली. पण जे मूळ होतं ते गेलंच. ऑस्ट्रियात टिमेल्सयोखच्या घाटरस्त्यावरचं संग्रहालय जानेवारी २०२१ मध्ये जळालं, तिथेही २०० च्या वर गाड्या. या गाड्यांवर ओरखडाही येऊ नये म्हणून लोकांनी जन्मभर जीव टाकला होता.

दुसरा मुद्दा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे होंडाची आरसी३० आहे. ही गाडी मुळात का बनली ते बघा. सुपरबाईकची जागतिक स्पर्धा १९८८ ला सुरू झाली. नियम असा की शर्यतीची गाडी ही लोकांना विकल्या जाणाऱ्या गाडीवरच बेतलेली हवी. म्हणून होंडाने शर्यतीचीच गाडी दिवे लावून विकली. ७४८ सीसी, व्ही-४, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, गिअरवर फिरणारे कॅमशाफ्ट, एका बाजूनेच धरलेलं मागचं चाक. फ्रेड मर्केल तिच्यावर १९८८ आणि १९८९ अशी दोन्ही वर्षं जगज्जेता झाला. पहिला गिअरच ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे सिग्नलवरून निघताना क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. हे गृहस्थ ती चालवतात. पावसात नाही, पण चालवतात. मी मागे उभा राहून तिचा आवाज ऐकलाय. काचेमागे असलेल्या आरसी३० देखील मी पाहिल्यात, आणि माझ्या लेखी त्या सगळ्या मिळून या एकीइतकं काही सांगत नाहीत.

शून्य_किमी

सोलिहलकर, आग तर घरालाही लागते. म्हणून कुणी दागिने रोज घालून बाजारात जात नाही.

तुम्ही आरसी३० म्हणालात, मी डुकाटीची डेस्मोसेडिची आरआर म्हणतो. २००६ च्या मोटोजीपी शर्यतींतल्या गाडीवरून घेतलेली, फक्त १५०० बनवल्या. तिचं मागचं चाक १६ इंची, आणि त्या मापाचा टायर खास तिच्यासाठी केलेला. असे टायर दुकानात जाऊन आणता येत नाहीत. चालवून संपवला की मग काय? 'चालवा' म्हणणं सोपं आहे, पण काही गाड्यांत चालवणं म्हणजे संपवणंच असतं.

बार्बरप्रेमी

@शून्य_किमी, टायरचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय निघालाय. लोक डेस्मोसेडिचीला १७ इंची चाक बसवून चालवतात आणि मूळचं १६ इंची चाक गुंडाळून ठेवतात. विकताना दोन्ही देतात. आणि टायर न चालवताही मरतोच. रबर कडक होतं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 'शून्य किमी' गाडीचा तो आकडा बघा आणि मग त्यावर वळण घेऊन दाखवा. डुकाटीच्या जुन्या इंजिनांचे टायमिंग बेल्टही असेच, गाडी हलली नाही तरी दर दोन वर्षांनी बदलायचे.

मी अमेरिकेत अलाबामाला असतो. इथे बार्बर म्युझियम आहे, पाच मजली, हजाराच्या वर मोटरसायकली. तिथली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे संग्रहालयाला लागूनच त्यांचा रेसट्रॅक आहे, आणि तळमजल्यावर वर्कशॉप. गाड्या चालू स्थितीत ठेवायच्या हे त्यांचं धोरण आहे. म्हणजे जपणारे आणि चालवणारे हे दोन वेगळे पक्ष आहेत असं मला तिथे तरी दिसत नाही.

किमतीबद्दल एक सांगतो. २०१८ च्या जानेवारीत लास वेगासला बोनहॅम्सच्या लिलावात एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९ लाख २९ हजार डॉलरला गेली, तोवरचा लिलावातला विक्रम. ती काही खोक्यात ठेवलेली गाडी नव्हती. १९५३ साली जॅक एहरेटने तिच्यावर ऑस्ट्रेलियाचा वेगाचा विक्रम केला, ताशी १४१ मैलांच्या वर. ती इतकी पळवली गेली म्हणूनच तिला एवढी किंमत आली.

नानापेठकर

बार्बरप्रेमी +१

पाषाणकर, तुमच्या गाडीला हेच करा. मूळचे सायलेन्सर काढून आत तेलाचा फवारा मारून, तोंडं बंद करून ठेवा. चालवायला दुसरी जोडी लावा. आणि हो, शून्य_किमी, मी पार्ट विकत नाही, आमचं चहाचं दुकान आहे. पण आजूबाजूला सगळे पार्टवालेच.

मंदगती

मी इथे बहुतेक एकटीच बाई दिसतेय, तरी बोलते. माझी आरएक्स १०० आहे, रोज ऑफिसला जाते तिच्यावर.

सगळे यंत्राच्या जिवाबद्दल बोलताय, चालवणाऱ्याच्या कुणी बोलेना. आपल्याकडच्या आरडीला पुढे डिस्क नव्हती, ड्रम ब्रेक होता. बाहेरच्या आरडीला डिस्क होती. एक-दोनदा जोरात दाबला की ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते. आज हिंजवडीच्या रस्त्यावर समोरची कॅब एबीएस लावून जागच्या जागी थांबते. तुम्ही थांबाल का? पाषाणकर दादा, चालवाच, पण आधी ब्रेकचे लायनर नवे बसवा, केबल बदला, आणि गर्दीच्या वेळी अजिबात नको. पहाटे निघा. अशी गाडी दुसऱ्याच्या चुकीने आपटली तर विम्यातून जे मिळतं त्यात सायलेन्सरही येणार नाही.

शून्य_किमी

@मंदगती, माझा सगळ्यात मोठा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

मंदगती

पण मी चालवा म्हणतेय!

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. तुमच्याकडे निदान हवा कोरडी आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवलीत तर आवरणाच्या आत बुरशी. प्लॅस्टिकचं आवरण तर मुळीच घालू नका, आत घाम धरतो. सुती चादर टाका, वारा खेळू द्या.

आणि पेट्रोल. आता बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोनमहिने पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, तिथूनच टाकी गंजायला लागते. जुने रबरी वॉशर, नळ्या, कार्ब्युरेटरच्या तरंगत्या झडपेचं टोक फुगतं नाहीतर चिरतं. उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही पूर्ण रिकामं करा.

उद्यमनगरी

दर्यावर्दी बरोबर बोलला. त्यात एक भर: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. एअर-कूल्ड टू-स्ट्रोकला हे भारी पडतं. मेन जेट एखाद-दोन नंबर मोठा लावायचा आणि प्लगचा रंग बघत राहायचं. चॉकलेटी हवा. मूळचे जेट डबीत नाव लिहून ठेवा, फेकू नका.

हवाशुद्ध

सगळं ठीक, पण तो निळा धूर? पोरांना दमा झालाय शहरात. दुर्मिळ म्हणून सगळं माफ?

घाटवाट

हवाशुद्ध, तुमची तक्रार रास्त आहे. पण महिन्यातून एकदा पहाटे निघणाऱ्या एका जुन्या गाडीचा धूर आणि चौकात तासन्‌तास चालू उभ्या असलेल्या टेम्पोंचा धूर एका तराजूत घालू नका. सायलेन्सर कापून रात्री गल्लीत फिरणाऱ्यांना मात्र जरूर झोडा, त्यांच्यामुळे आमचीही नावं खराब होतात.

कागदपत्री

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. पाषाणकर, आरसी बुकची मुदत आधी बघा. मामांच्या नावावरून तुमच्या नावावर करतानाच ते उरकून घ्या. चेसिस आणि इंजिन नंबर बुकाशी जुळतात का हेही ताडून पाहा, जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असतं.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी हवी. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुमची १९८४ ची, म्हणजे २०३४ पर्यंत तो विषयच नाही. तोवर साधी नोंदणी चालू ठेवलीत तर हवी तेव्हा चालवायला मोकळे.

जुना_गडी

बरेच दिवसांनी लिहितोय. ऐंशीच्या दशकात मद्रासजवळ शोलावरमला शर्यती व्हायच्या. जुनी लष्करी धावपट्टी ती. आम्ही मुंबईहून रेल्वेने जायचो. आरडी मैदानात उतरायच्या तेव्हा आधी दिसायच्या नाहीत, आवाज यायचा. आयडलिंगला सिलिंडरच्या पात्यांतून येणारी ती टिणटिण, आणि मग काटा वर गेला की एकदम फाटलेल्या कापडासारखा आवाज. सहा हजार आरपीएमच्या आसपास गाडी अंगात आल्यासारखी सुटते, पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात वळवळतं. हे कुठल्याही फोटोत येत नाही.

शून्य_किमी, तुमचं म्हणणं मी मनापासून वाचलं. पण वायरिंग कुठून गेलंय याचे फोटो काढता येतात, मापं घेता येतात, स्टिकरची नक्कल करता येते. ती गाडी कशी चालायची याची नोंद फक्त चालत्या गाडीत राहते, आणि कार्ब्युरेटर लावणाऱ्या फिटरच्या हातात. गाड्याच चालल्या नाहीत तर ते हात कोण तयार करणार? पॉइंट सेट करणारी माणसं आत्ताच बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

उद्यमनगरी

जुने गडी, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. आमच्या वर्कशॉपला आलेली दोन पोरं आता स्वतः क्रँक दाबून सरळ करतात, डायल लावून. काम येत राहिलं म्हणून शिकली.

शून्य_किमी

जुना_गडी, फिटरच्या हाताचा मुद्दा मला मान्य. मी यावर असा विचार केला नव्हता असं नाही, पण इतका वजनदार वाटला नव्हता.

तरी माझी अट सोडत नाही. पाषाणकर, एक बोल्ट सैल करण्याआधी गाडीचे फोटो काढा. प्रत्येक बोल्टचं डोकं, प्रत्येक क्लिप, केबल कुठल्या कडीतून जाते, स्टिकरच्या कडांचं अंतर पट्टीने मोजून. मामांची बिलं, सर्व्हिस बुक असेल तर स्कॅन करा. आणि काहीही झालं तरी रंग करू नका. तो टाकीवरचा पोचा काढायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. फोटो इथे टाकलेत तर इतर आरडीवाल्यांच्याही कामाला येतील.

नानापेठकर

चहा आमच्याकडे पाजा.

पाषाणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मी चालवायचं ठरवलंय. उद्यमनगरींचं वाचून टॉर्च घेऊन गाडीखाली वाकून पाहिलं, पॉइंटच्या झाकणाखाली सगळं सुकं खडखडीत. गिअरबॉक्सचं तेल मात्र खुणेच्या बरंच खाली आणि बाहेर गळतीचा थेंब नाही. म्हणजे उजवं सील गेलंय असंच समजायचं ना? त्या दोन मिनिटांत पांढरा धूरही बराच आला होता, मला वाटलं इतक्या वर्षांनी चालू झाली म्हणून असेल.

क्रम असा धरलाय: आधी शून्य_किमींच्या यादीप्रमाणे फोटो, मग इंजिन खाली, सील आणि बेअरिंग. मूळचे सायलेन्सर, जेट आणि टूलकिट बाजूला. ब्रेक मंदगती ताईंनी सांगितल्याप्रमाणे. आरसी दिवाळीच्या आत. टायर जुनेच आहेत, ते बदलणार. पुढे ३.००-१८ आणि मागे ३.५०-१८ हीच मापं घेऊ ना? मागे जाड टायर बसवा असं एक जण सांगत होता.

उद्यमनगरी

जाड टायर नको. वळणात गाडी जड होते, आणि रिमला तो नीट बसतही नाही. मूळचीच मापं घ्या.

धूर आणि तेल कमी, म्हणजे उजवंच सील. आता एक किकसुद्धा मारू नका. सील बदलायचं तर इंजिन उघडणं आलंच, मग दोन्ही सील आणि बाहेरची बेअरिंग एकदमच करा. मधल्या लॅबिरिंथ सीलला हात लावू देऊ नका, ते धातूचं असतं, चांगलं असेल तर तसंच राहू द्या. पुण्यात फिटर नसेल तर नुसता क्रँक पाठवा. तेल लावून, तेलकट कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत दोन्ही टोकांना आधार देऊन. टोकावर आपटला की वाकला. पेटीवर वरची बाजू लिहा आणि बसच्या टपावर टाकू देऊ नका, आतच ठेवायला सांगा.

घाटवाट

इंजिन बसलं की कळवा. पहिली फेरी पहाटे पौडच्या बाजूला ठेवू, रस्ता मोकळा असतो. मी एलटी घेऊन मागे राहीन, टूलबॉक्स आणि जादा प्लग माझ्याकडे.

शून्य_किमी

मी पण येतो. कारने. मागे ट्रेलर लावून.